हरण्याचे पेढे

आता माझ्या हुशारीचं काय सांगू तुम्हाला! चहा आधी संपवा, म्हणजे मला नावं ठेवायला तोंड मोकळं राहील.

संदीपचं आणि माझं घरच्यांच्या नकळत जमलेलं. तो चाकणला एका जपानी कंपनीत, मी माणला आयटीत. त्याची सुट्टी गुरुवारी, माझी शनिवार-रविवार. मॅनेजरच्या हातापाया पडून मी गुरुवारचा हाफ डे काढायचे. आणि हा कुठे? बेसबॉलला! कंपनीतल्या साहेबांनी टीम काढली होती आणि हा तिच्यापायी वेडा झालेला.

"क्रिकेट खेळ ना बाबा, निदान मला कळेल तरी!"

"क्रिकेट काय, सगळेच खेळतात," तो म्हणायचा. घ्या!

असंच चाललं तर हा माणूस हातचा जाणार, हे मला दिसत होतं. शेवटी मी काळेवाडीतल्या आमच्या दत्ताला नवस बोलले. कंपन्यांच्या स्पर्धेत यांची टीम पहिल्याच मॅचला हरू दे, पाव किलो पेढे ठेवीन. हरले की खूळ उतरेल, हा माझा हिशोब.

देव पावला. फोनवर संदीप चक्क रडत होता. मी लगेच देवापुढे पेढे ठेवले, प्रसादाचा पुडा पर्समध्ये टाकला आणि त्याचं सांत्वन करायला मैदानावर गेले. त्याचे डोळे पुसायला रुमाल काढला, तर सोबत पुडाही बाहेर आला.

"वहिनी, पेढे?" कॅप्टन म्हणाला. "आज? कशाचे?"

काय सांगणार? तुमच्या पराभवाचे, घ्या ना? मी मान खाली घातली. आता पेढे हातात धरून मुलीने मान खाली घातली, की आपल्याकडे त्याचा एकच अर्थ होतो.

"आयला, लग्न ठरलं! संद्या, बोलला नाहीस भावा!"

संदीपचं रडणं थांबलं. "तू घरी सांगितलंस? हो म्हणाले?"

त्याचा चेहरा असा उजळला की माझ्याने नाही म्हणवेना. खरं सांगते, त्या क्षणी मला तो फार आवडला. मी गपचूप पेढा त्याच्या तोंडात घातला.

त्याने तिथूनच गावी आईला फोन लावला. मी रिक्षाने घरी पोहोचले तर माझी आई दारात उभी.

"कोण संदीप? त्याच्या आईचा फोन होता. 'पेढं वाटल्याचं कळलं, आमी रविवारी येतो,' म्हणाल्या. कसले पेढे?"

आमच्या घरचा नंबर त्याला कुणी दिला होता? मीच. अडीअडचणीला असू दे म्हणून.

रविवारी पाहुणे आले. पप्पा आदल्या दिवसापासून नकार पाठ करत होते. त्यांनी फक्त सुरुवातीला विचारलं, "ते बेसबॉल म्हणजे काय असतं हो?"

संदीपने पोह्यांच्या बशा मांडून मैदान तयार केलं. रिटायर झाल्यापासून पप्पांशी इतका वेळ कुणीच बोललं नव्हतं. पोहे गार झाले, पप्पा नकार विसरले आणि लग्न ठरलं.

परवाच्या गुरुवारी मी हाफ डे काढून संदीपला फोन केला. पप्पांनी उचलला.

"तो बॅटिंगला गेलाय," म्हणाले. "आणि हे बघ, गुरुवारी आम्हाला मध्ये मध्ये फोन करत जाऊ नकोस."