भरलेला ऊर

एलिना आमच्या गल्लीतली. माझी मैत्रीण रोझलीन, तिची ही नात. आता विरारच्या एका इस्पितळात कॅज्युअल्टीत डॉक्टरीण आहे, म्हणजे धावतपळत आलेला माणूस पहिला जिच्या पुढ्यात येऊन पडतो, ती. आगाशीत तिची ओळख मात्र वेगळी आहे. रविवारी मिस्साला झोपणारी बाई! फादरांनी प्रवचन लांबवलं की बाकीचे चुळबुळतात, एलिना खूश. तेवढीच तिची झोप होते.

नवरा सॅन्टन बोटीवर. घरी सासू, एक मुलगी आणि कंबरदुखी. ड्यूटीवरून येते ती चपला हातात घेऊन, कारण पाय सुजलेले. एकदा मी म्हटलं, "अगं, दिवसभर करतेस तरी काय एवढं?" तर म्हणाली, "आजी, गॅस बघते."

खोटं नाही ते. आमच्या पट्ट्यात हृदय कोणालाच नसतं, सगळ्यांना गॅसच असतो. छातीत कळ आली की ओवा, ओव्याने नाही गेली की सोडा, सोड्यानेही नाही गेली की शेजाऱ्याने सुचवलेली गोळी, आणि मग रिक्षा. इस्पितळात पोचल्यावरही माणूस सांगतो काय, "गॅसच आहे, फक्त इंजेक्शन द्या." त्या गॅसवाल्यांतला खरा कोणता, हे एलिनाने ओळखायचं. रोज. आणि दहांतले नऊ खरंच गॅसचे निघतात म्हणून दहाव्यालाही हसून घरी पाठवायचं नाही. तिचं थकणं आहे ते तिथे.

हे मला कळलं आमच्या अनसूयेमुळे. अनसूया माझी धाकटी जाऊ. तिच्या नातीचं, राधिकेचं, नुकतंच लग्न झालं होतं. त्या दिवशी संध्याकाळी जोडपं पाचपरतावणाला, लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला, यायचं होतं. अनसूया सकाळपासून वाडीत. केळीची पानं काढ, विहिरीवरून पाणी आण, कोणाला हात लावू देईना. मग पायरीवर मटकन बसली. घामाने नुसती निथळत होती. मी म्हटलं, उपाशीपोटी पित्त झालं असेल, एक इंजेक्शन घेऊन येऊ.

इस्पितळात दारातच सिस्टरने विचारलं, "आजी, छातीत दुखतंय का?"

"नाही गो. दुखत नाही," अनसूया म्हणाली.

"मग बसा तिकडे बाकावर."

बसलो. समोर छाती धरून आलेले बाप्ये रांगेने झोपवलेले. अर्नाळ्याचा एक कोळी तर बायकोवरच ओरडत होता, "मना पानी दे, मंग मरू दे!" एवढा आवाज ज्याचा, त्याला काय होतंय! पण एलिना त्याच्याशीच होती. आमच्या बाकासमोरून दोनदा गेली. "बसा हं, येते," म्हणाली. चेहरा असा, की आम्हालाच तिला बसायला जागा द्यावीशी वाटली.

मग एक तरुण डॉक्टर आला, यतीन नावाचा. गोड मुलगा. अनसूयेजवळ वाकून म्हणाला, "मावशी, छातीत दुखतं?"

"नाही रे बाबा, दुखत बिखत नाही. नुसता ऊर भरून आलाय."

त्याचा चेहरा मऊ झाला. "घरात काही झालंय का?"

आता मी कशाला गप्प बसते! "नातीला सासरी पाठवली ना," मी सांगून टाकलं. नातीचं नाव निघाल्याबरोबर अनसूयेने पदर डोळ्यांना लावला. झालं! त्याची खात्री पटली, माझीही पटली. "होतं असं मावशी. पाणी प्या थोडं," म्हणून तो उठला.

तेवढ्यात एलिना तिसऱ्यांदा आली. "यांचं काय?"

"मॅडम, इमोशनल झाल्यात. नातीचं लग्न झालंय."

एलिना पुढे निघालीही होती. मग उभी राहिली आणि मागे वळली, जणू कोणी तिच्या पाठीवर आणखी एक पोतं ठेवलं. "काकी, ऊर कधीपासून भरलाय?"

"सकाळपासून. विहिरीपासून घरापर्यंत येताना जास्त भरतो. बसलं की ओसरतो."

"नातीची आठवण चालतानाच येते का काकी?"

मला हसू फुटलं, पण एलिना हसली नव्हती. "कुठे भरतो, हात ठेवून दाखवा." अनसूयेने बोट नाही ठेवलं. मूठच आवळून छातीच्या मधोमध ठेवली. पुढचं मला आठवतं ते एवढंच, की आमचा बाक रिकामा झाला आणि अनसूया खाटेवर.

हृदयाची पट्टी काढली. पट्टी साफ आली! अनसूया उठूनच बसली. "बघ, मी म्हटलं नव्हतं? चला, पुरणाचं अजून व्हायचंय." तिचा मुलगा नीलेश धावत आला होता, तोही म्हणाला, "चांगली आलीय तर ठेवता कशाला? संध्याकाळी माणसं येणार घरी."

"पट्टी आताचं सांगते, पुढचं नाही," एलिना म्हणाली. "थोड्या वेळाने परत काढायची. रक्तही परत तपासायचं. तोपर्यंत काकी इथेच."

"आणि राधिकेला ओवाळायचं कोणी?" नीलेश म्हणाला.

"राधिकेला इथे आण."

"नवी नवरी इस्पितळात? काहीतरीच काय बोलता डॉक्टर!"

मला वाटलं आता जुंपणार. पण एलिनाने फक्त मान खाली घातली. "नीलेश, मला भांडायची ताकद नाही रे. सकाळपासून भांडतेच आहे. मी इथे बसते. तुला न्यायचंच असेल तर माझ्यासमोरून आईला उचलून ने." आणि खाटेच्या कडेला खरंच बसली. पलीकडून हाका येत होत्या, ती तिथूनच यतीनला काय काय सांगत होती, पण उठली नाही. नीलेश पाय आपटत बाहेर गेला. आत येऊन बघितलं, ती तिथेच. परत बाहेर गेला.

दुसरी पट्टी निघाली. एलिनाने ती उजेडात धरली आणि तिची कंबर एकदम सरळ झाली. "काकी, ही गोळी चावा. गिळायची नाही, चावायची." लगेच मोठ्या इस्पितळाला फोन, जिथे हृदयाची बुजलेली वाहिनी उघडतात. रुग्णवाहिका दाराशी आली. नीलेश एलिनाच्या मागे आला. "तेव्हाच नेली असती घरी तर?" एलिनाने त्याच्या हातात आईच्या चपला दिल्या, म्हणाली, "पुढे बस, जा."

यतीन भिंतीला टेकून उभा होता, पांढराफटक. जाता जाता एलिना त्याला म्हणाली, "तुझं मराठी बरोबरच होतं रे. पण ऊर भरला म्हणाल्या की कधी भरतो तेही विचार."

अनसूया वाचली. हिरव्या चुड्याची राधिका त्या मोठ्या इस्पितळातच आजीच्या पाया पडली. ओवाळलं नाही, कोणाचं काही अडलं नाही.

पुढल्या रविवारी मी पानात गुंडाळून चार पुरणपोळ्या घेऊन एलिनाकडे गेले. ती ओट्यावर खुर्चीत, पाय स्टुलावर. मी म्हटलं, "आमच्या अनसूयेला वाचवलंस. आता तरी सुखाने झोप लागत असेल."

तिने पोळीचा तुकडा मोडला, हातातच ठेवला. "काकींचं मला कळलं तरी, आजी. त्या दिवशी गॅस म्हणून घरी पाठवले, त्यांचं कळत नाही. परत आले नाहीत, म्हणजे बरे असतील. असंच धरून चालायचं."

"बरेच असतील गं. तू घरी पाठवलेला तो कोळी काल बाजारात भांडत होता, मी बघितला."

"खरंच?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला काही आणून दिलं होतं. "मोठ्याने भांडत होता?"

"अख्खा बाजार ऐकत होता."

एलिनाने डोळे मिटले. "बरं झालं," म्हणाली आणि पोळी खायला लागली.