साळसूद ब्लेनी

एप्रिलच्या तापल्या दुपारी बल्लारपुरात दादाच्या बैठकीत शिरावं, तर डोळ्यांवर आधी एक निळा गारवा उतरतो. उभी हयात कोळशाच्या खाणीत घालवलेल्या माझ्या या थोरल्या भावानं निवृत्तीनंतर खाऱ्या पाण्याची काचपेटी मांडली आहे. समुद्रापासून इतक्या दूर, सागवानाच्या मुलखात, प्रवाळांचं एवढंसं उपवन! अंधाराशी संसार केलेल्या माणसाला रंगांची अशी तहान लागावी, यात नवल ते काय?

गेल्या वर्षी तो आठ दिवस लेकीकडे सिरोंच्याला गेला. मासोळ्यांना खाणं घालायचं त्यानं देविदासभाऊंवर सोपवलं; खाणीतले त्याचे तीस वर्षांचे सोबती ते. दादा परतला, तेव्हा पिवळ्या माशाचे पर कुरतडलेले होते आणि नारिंगी जोडीतली एक मासोळी मेली होती.

"मासे धरायची जाळी मारली असंन त्यानं आत. नाईतर असं काऊन होईन?" दादा म्हणाला.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. निदान मी तरी थांबायला हवं होतं. पण मीही म्हणाले, "त्यांना कुठली एवढी काळजी!" दादानं त्यांना तोंडावर विचारलं. "म्या फक्त दाणे टाकले," एवढंच बोलून ते गेले, ते यायचेच बंद झाले. मग आम्हाला काय काय आठवू लागलं! त्यांच्या हातून कधीकाळी फुटलेली कपबशी, एकदा उघडं राहिलेलं फाटक. स्नेहाच्या तीस वर्षांतून दोष वेचायला किती थोडा वेळ पुरतो!

पण ते यायचे थांबल्यावरही पिवळ्या माशाला नवी जखम झाली. आता संशय कुणावर घ्यायचा? एका रविवारी मी काचेला डोळे लावून बसले. सिरोंच्याला जायच्या दोनच दिवस आधी दादानं नागपूरहून एक मासोळी आणली होती. बोटाएवढी, निळसर, अंगभर काळा पट्टा. इतर माशांच्या अंगावरची कीड टिपणारी डॉक्टर मासोळी म्हणून दुकानदारानं ती दिली होती. ती लडिवाळपणे डोलत पुढे आली, पिवळ्या माशानं विश्वासानं पर पसरले, आणि क्षणात तिनं लचका तोडला! मी भिंग घेतलं. खऱ्या डॉक्टर मासोळीचं तोंड अगदी टोकाला असतं. हिचं नाकाडाखाली दडलेलं. ही ब्लेनी जातीची मासोळी होती, दुसरीचा रंग आणि चाल पांघरून जगणारी. तिचा तो जीवनधर्म. तिला दोष कसला द्यायचा? आम्हाला मात्र तसं कुणी घडवलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी दादा देविदासभाऊंना घेऊन आला. ते वाकून काचपेटीत पाहत राहिले.

"मासोळीचे दात तुले दिसले," ते हळूच दादाला म्हणाले. "मी तीस वर्षांत नाई दिसलो?"

दादानं त्यांचा हात धरला. "जाऊ दे," म्हणत त्यांनीच त्याच्या पाठीवर थोपटलं.

ब्लेनीला आम्ही वेगळ्या पेटीत ठेवलं. देविदासभाऊ पुन्हा येऊ लागले आहेत, हसतातही. पण पूर्वी या घरात माठातलं पाणी ते आपल्या हातानं घेऊन प्यायचे, आता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबतात आणि मला विचारतात, "बाई, पाणी घेऊ का?"