करमाडची जागा

पौषातल्या कोवळ्या उन्हात करमाडकडच्या शेतांवरून हरभऱ्याच्या पानांवरल्या आंबट दवाचा, आंबेचा गंध येत होता. दूर कारखान्यांचे पत्रे चकाकत होते आणि मधोमध, चुन्याच्या रेघांनी आखलेला, आम्ही घ्यायला निघालेला भूखंड होता. विसार तेवढा द्यायचा राहिला होता.

माझा नवरा मिलिंद चितेगावच्या कंपनीत आहे. त्याने ओव्हरटाइम असाच चालू ठेवला तर हप्ते निभणार होते. पुढे जागा विकून लेकीचे शिक्षण होणार होते. हिशेबात खोट नव्हती. फक्त वर्षभरात लेक शाळेतल्या गोष्टी बाबाला सांगण्याऐवजी त्याच्या फोनवर बोलून ठेवू लागली होती, आणि त्यातल्या कितीतरी ऐकायच्या राहून जात.

जागेचा एजंट पुढे होणारा रस्ता उत्साहाने दाखवत होता. मिलिंद कडुलिंबाच्या सावलीत टेकला आणि बसल्या बसल्या झोपी गेला.

"घर कधी बांधायचं इथं?" सोबत आलेल्या सासूबाईंनी विचारले.

"बांधायचं नाही, आई. भाव वाढला की विकायचं."

त्यांनी झोपलेल्या लेकाकडे पाहिले. "मला नाय कळत तुमचं. पर उठवू नको त्याला. लई दिवसांनी असा झोपलाय."

मी उठवले नाही. एजंट ताटकळून निघून गेला. जाग आल्यावर मिलिंदने एवढेच विचारले, "विसार दिला?" मी नाही म्हणाले, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर उमटले ते समाधान की हळहळ, मला उमगले नाही.

विसाराचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही. पुढे जागा दुसऱ्यांनी घेतली आणि तिचा भाव खरोखरच चढला. मिलिंदने ओव्हरटाइम सोडला. सुरुवातीच्या संध्याकाळी तो घरात पाहुण्यासारखा अवघडून वावरे. लेकही त्याच्यासमोर बोलायला बिचकत असे. सुख म्हणतात ते असे ओशाळत घरात शिरते की काय, आणि उद्या लेकीला काही कमी पडले तर तिला या संध्याकाळी आठवतील की आमची हयगय, याचा थांग लागत नव्हता.

मग एकदा हर्सूलच्या तळ्याकाठी, पाण्यावरचा केशरी उजेड विझत असताना, लेक पुढे धावली आणि मिलिंदने हलकेच विचारले, "आपण चुकलो का गं?"

"कळत नाही," मी म्हणाले.

"मलाही."

आजवर भविष्याविषयी आम्ही एकमेकांना केवळ उत्तरे देत आलो होतो. हे न कळणे मात्र दोघांचे होते. आणि त्या न कळण्याच्या सोबतीने आम्ही काठाकाठाने चालत राहिलो.