हिरवा, सावकाश

माझा नवरा ड्रोन उडवून नकाशे करायचा. लीड्सच्या आसपासच्या खाणी, शेतं, नव्या घरांच्या जागा. शनिवारी तो स्वतःची कामं घ्यायचा आणि मला निरीक्षक म्हणून न्यायचा, म्हणजे थंडीत नाक पुसत आकाशाकडे बघत उभं राहायचं. पगार म्हणून परतताना चिप्स.

उड्डाणाआधीचा आमचा एक रिवाज होता. दिवा बघून तो मोठ्याने बोलायचा आणि मी स्वतः बघून तेच म्हणायचं. "हिरवा, सावकाश." म्हणजे ड्रोनचा दिवा हिरवा आहे, हळू लुकलुकतोय, उपग्रह सापडलेत, उडायला हरकत नाही. "हिरवा, सावकाश," मी म्हणायचे. पिवळा म्हणजे थांब. लाल भराभर लुकलुकला की बॅटरी संपत आली, उतरव. मला सुरुवातीला हसू यायचं. तो मात्र या बाबतीत कधी हसला नाही.

मग त्याच्या मानेत गाठ आली, ती टीबीची निघाली. अशी गाठ दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे कामावर जायला आडकाठी नव्हती. तरी महाराष्ट्र मंडळात आम्ही थायरॉइड म्हणून सांगितलं. टीबी म्हटलं की आपली माणसं चहाचा कप लांब धरतात. गोळ्या सुरू झाल्या. यातली एक क्वचित डोळ्यांवर जाते, रंग वेगळे दिसले तर त्याच दिवशी फोन करा, असं नर्सने त्याला बजावलं होतं. मी तेव्हा खाली गाडीला जागा शोधत होते. मला हे त्याने सांगितलं नाही.

शरद ऋतूत त्याने परसातले टोमॅटो तोडून आणले, सगळे कच्चे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्याकडून आणखी काय होणार, असं मी चिडवलं आणि चटणी केली. त्याने ती पुन्हा मागून घेतली.

नोव्हेंबरात एका दगडाच्या खाणीवर गेलो. तिथे जमिनीवर तिपाईवर एक यंत्र लावायचं होतं, नकाशा अचूक यावा म्हणून. त्याचा दिवा लुकलुकत नाही. जागा पक्की झाली की हिरवा, नाहीतर लाल, आणि दोन्ही स्थिर.

त्याने बघितलं. "हिरवा."

मी वाकून दिवा पुन्हा बघितला.

"हिरवा," तो परत म्हणाला, जरा त्रासून.

"लाल आहे रे."

तो गुडघ्यांवर बसला आणि दिव्याला नाक लागेल इतका जवळ गेला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीला तू साडी नेसलीस ना, तेव्हा नुसतं छान दिसतेस म्हणालो. रंग कळला नव्हता." मग नर्सचं सगळं सांगितलं. इतके दिवस तो ड्रोनचा दिवा रंगावरून नाही, लुकलुकण्याच्या चालीवरून ओळखत होता. सावकाश म्हणजे हिरवा, भराभर म्हणजे लाल. या यंत्राला चालच नव्हती.

"अरे, पण सांगायचंस."

"सांगितलं असतं तर फ्लाइंग बंद झालं असतं. कोर्स संपेपर्यंत मॅनेज होईल वाटलं."

मला त्याचा इतका राग आला की मी गाडीत जाऊन बसले. अजूनही येतो. तो एकटाच ड्रोन पेटीत भरत होता, एकेक पातं पुसून, जणू पुढच्या शनिवारी लागणार आहे.

त्याच दिवशी फोन केला, ती गोळी बंद झाली. बहुतेकांची नजर परत येते, म्हणाले. आम्ही वाट बघितली. परत आली नाही, उलट नजरेच्या मधोमध धुकं धरलं. तो समोर बघतो तेव्हा मी त्याला नीट दिसत नाही, कडेला उभी राहिले तर थोडी दिसते. म्हणून मी आता कडेला उभी राहते.

ड्रोन विकला. परवा हॉस्पिटलातून बाहेर पडलो आणि रस्ता ओलांडायला थांबलो. त्याने माझं कोपर धरलं होतं. पलीकडचा दिवा बदलला.

"हिरवा," मी म्हणाले.

तो दिव्याकडे तोंड करून क्षणभर थांबला, पूर्वी थांबायचा तसाच. मग खाणीवर बोलायचा त्याच खणखणीत आवाजात म्हणाला, "हिरवा." आणि आम्ही निघालो.