निडीच्या काकांचा बिघडलेला फोन

माझं तोंड फटकळ, तुम्हाला माहीतच आहे. आज माझ्या रोह्याच्या मोबाईल दुकानात निडी गावचे एक काका तिसऱ्यांदा आले. "फोन बिघडलाय. पेणला पोराला मेसेज जात नाय."

गिऱ्हाईकं खोळंबली होती. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "फोनला काय धाड भरलीय? पोरानं तुम्हाला ब्लॉक केलंय!"

काका हसले. "नाय रे, त्याला कुठं येतंय असलं काय!"

मी मेसेज उघडले. रोज दुपारी 'जेवलास काय?' आणि पुढे एकच टिक.

मग आठवलं. पेणचा एक जण माझ्याकडून नवा फोन घेताना म्हणाला होता, "रोज 'जेवलास काय' विचारून डोकं खातो. हा नंबर ब्लॉक करून दे." मी हसत करून दिला.

काकांचं खरंच होतं. त्याला येत नव्हतं.

फोन दुरुस्तीला ठेवून गेलेत. उद्या काय सांगू?