कमलताईंनी उघडलेली पत्रिका

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात कुणाची मुलगी लग्नाची झाली की आधी कमलताईंना फोन जातो. कमलताई विहारातल्या वधू-वर मंडळाचं काम बघतात. बघतात म्हणजे काय, मंडळ म्हणजे त्याच. मुलींचे फोटो, बायोडाटा, आईवडिलांचे नंबर, सगळं त्यांच्या मोबाइलमध्ये. घेत काही नाहीत, पण लग्न जमल्यावर पत्रिका आली नाही तर त्यांचा अबोला भारी पडतो.

अशा बाईला मुलुंडच्या दादूची पत्रिका आली. दादूच्या मुलाचं लग्न त्यांनी दोनदा जमवत आणलं होतं आणि दोन्हीदा फिसकटलं होतं. आता त्याच्या नंबरवरून ‘मंगल परिणय’ नावाची फाइल आलेली दिसल्यावर ताई हरखल्या आणि चिडल्याही. “मेल्याने परस्पर उरकलं!” म्हणत त्यांनी ती उघडली. पत्रिकेने आधी इन्स्टॉल करायला सांगितलं, मग मेसेज वाचायची परवानगी मागितली, मग नंबर बघायची. लग्नाच्या कामात नाही म्हणायची ताईंना सवयच नाही. त्या ‘अलाऊ’ दाबत गेल्या. पत्रिका काही दिसली नाही.

थोड्याच वेळात फोन खणखणू लागले. “ताई, कुणाची पत्रिका पाठवलीत? उघडत नाहीये.” ताईंनी कुणालाच काही पाठवलं नव्हतं. त्यांच्या मोबाइलने ती त्यांच्या नावाने सगळीकडे वाटली होती. दादूला विचारलं, तर त्याचीही तीच गत. लग्नबिग्न काही नव्हतं.

मग घाटकोपरच्या शांताबाईंचा फोन आला. त्यांनी आपल्या जान्हवीचे फोटो नुकतेच ताईंकडे दिले होते. “कमल, ती व्हायरसची पत्रिका आहे म्हणे. माझ्या पोरीचे फोटो कुठे गेले ते सांग. बाकी मला काही ऐकायचं नाही.” आणि फोन ठेवून दिला.

बँकेतलं सगळं गेलं असतं तरी ताईंना इतकं लागलं नसतं. लोकांनी आपल्या मुली त्यांच्या भरवशावर सोडल्या होत्या.

समोरच्या इमारतीतली रश्मी धावत आली. तिचं लग्न ताईंनीच जमवलेलं, आणि नवरा बरा निघाल्यामुळे ती अजून त्यांचा शब्द मोडत नाही. तिने सिम काढलं, इंटरनेट बंद केलं, बँकेला कळवलं. मोबाइलच्या दुकानदाराने सगळं पुसून टाकायला सांगितलं होतं. “थांब मावशी,” रश्मी म्हणाली, “पुसलंस तर काय गेलं ते कधीच कळणार नाही.” इंटरनेटवर तिच्या माहितीचा एक मंच होता. तिथे लोक असल्या फायली एकमेकांसाठी फुकट तपासतात. रश्मीने ती फाइल जपून आपल्या कॉम्प्युटरवरून तिथे चढवली आणि ताईंचा एकच प्रश्न लिहिला: मुलींचे फोटो गेले का?

तिथे कुणी आपलं खरं नाव लावत नाही. ‘रातकिडा’ नावाच्या सांगलीच्या कुणीतरी फाइल उलगडून आत काय आहे ते बघायला घेतलं. ‘मिठाची बरणी’ने चोरलेले मेसेज कुठे जातात ते हुडकून ती जागा बंद करायची तक्रार केली. लातूर-नांदेडकडेही हीच पत्रिका फिरत होती, पण घाबरून सगळ्यांनी ती पुसली होती. अख्खी फाइल मिळाली ती ताईंकडेच, कारण आलेली पत्रिका त्या टाकत नाहीत. ‘बोका’ने विचारलं, “ताई, फोटो बघायची परवानगी दिली होती का? खरं सांगा, कुणी रागावणार नाही.” ताईंनी डोळे मिटून एकेक आठवलं. नव्हती दिली.

संध्याकाळी रातकिड्याचं उत्तर आलं. “मेसेज आणि नंबर गेलेत, ते सगळ्यांना सांगा. फोटोंपर्यंत या फाइलचा हात पोचत नाही. मी आणि बोक्याने वेगवेगळं तपासलं. मुलींची काळजी करू नका.”

ताई ओक्साबोक्शी रडल्या. “यांना काय देऊ गं?”

“काही घेत नाहीत, मावशी.”

“नावं तरी सांग.”

“मलाही ठाऊक नाहीत.”

उपकार करणाऱ्याचं तोंडही दिसू नये, हे काही ताईंना पटेना. त्यांनी विहारात जाऊन तीन मेणबत्त्या लावल्या. एक रातकिड्यासाठी, एक बोक्यासाठी, एक मिठाच्या बरणीसाठी.

आता त्यांच्या नंबरवरून आलेलं काहीच कुणी उघडणार नव्हतं. म्हणून त्या घरोघरी निघाल्या, आणि पहिल्यांदा घाटकोपरला. शांताबाईंनी दारातच गाठलं. ताईंनी सगळं सांगितलं. फोटो सुरक्षित आहेत म्हणताच शांताबाई रडू लागल्या.

“मीपण उघडली गं ती,” त्या म्हणाल्या. “तुझं नाव बघून. जान्हवीला सांगायची हिंमत नाही झाली. तुलाच शिव्या घालत बसले.”

तुझं नाव बघून! ताईंनी शांताबाईंच्या मोबाइलमधलं सिम काढलं आणि रश्मीकडून मागून आणलेल्या फोनवर स्वतः एकेक अक्षर दाबत त्या मंचावर लिहिलं: “आमच्या शांताबाईंनीपण उघडली आहे. जरा बघता का?”

लगेच रातकिड्याचं उत्तर आलं. “बघतो, ताई. त्यांना म्हणावं, घाबरू नका.”

शांताबाईंनी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

“जान्हवीच्या लग्नाला बोलव या माणसाला,” त्या म्हणाल्या. “आणि कमल, स्थळ तूच बघायचंस हां.”