लाल खुणांची वही

वीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवून माझं डोकं पार पिकलंय. दिवसभर फळ्यापुढं ओरडायचं आणि घरी आलं की शिकवणी. तरी टॉवेलच्या कारखान्यातली ती बाई दारात येऊन उभी राहिली तेव्हा मला नाही म्हणवलं नाही.

बारावीत तिची फक्त केमिस्ट्री राहिलेली. मग लग्न, मूल. आता पास झाली तर मालक तिला पॅकिंगवरून काढून रंगखात्याच्या लॅबमध्ये घेणार होते. सासऱ्यांनी मात्र बजावलं होतं, ही जुलैची परीक्षा शेवटची, मग पुस्तकं रद्दीत.

कारखान्यातली पाळी सुटली की ती यायची, केसांत कापसाची पिंज घेऊन. समीकरणं संतुलित करायला दिली की भराभर उरकायची. माझा एक डोळा गॅसवरच्या भाजीवर. मी बाणाच्या दोन्ही बाजूंचे अणू तेवढे मोजायचे, सारखे भरले की लाल खूण करायचे. पोरगी हुशार आहे हो, असं मी शेजारणीलाही सांगून ठेवलं.

परीक्षेला तीन दिवस उरले आणि तिनं हळूच विचारलं, पाणी लिहिताना ऑक्सिजनच्या खाली दोन लिहिलं तर चालतं का? कारण कारखान्यात टॉवेल पांढरे करायच्या ड्रमवर एचटूओटू असंच लिहिलंय, आणि ते हातावर सांडलं तर कातडी भाजते.

मी वही ओढली आणि पानं उलटत गेले. समीकरण जुळवताना आकडा रेणूच्या आधी लिहायचा असतो. बाईनं सगळीकडं खालचे आकडे बदलले होते, म्हणजे पदार्थच बदलले होते, पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करून ठेवलं होतं. त्यावरची ग्रॅमची गणितंही साफ चुकलेली. आणि पानापानावर माझी खूण.

"तुमी बरोबर म्हणून खूण केलती की, मॅडम," ती म्हणाली.

मी काय करावं? तिच्यावरच डाफरले. एवढं साधं कळत नाही का, लक्ष कुठं असतं म्हणून. तिनं पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. तीन दिवसांत काय डोंबल होणार!

चार मार्कांनी गेली. निकाल सांगायला आली तेव्हा मला वाटलं, आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

"तुमी लई कष्ट घेतले, मॅडम. माझंच डोकं न्हाई त्यात."

मी म्हणाले, "असू दे."